दर रविवारी, जो येईल त्याला

आमच्या मंडळीचा इतिहास लिहायचं रोमानच्या डोक्यात आलं आणि माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. रोमान पाक हा आमचा तरुण पाळक. बिश्केकहून जुन्या गाडीतून येतो, उपदेश करतो, म्हाताऱ्यांची औषधं आणून देतो. पोर सालस आहे, त्यात वाद नाही. पण इतिहास म्हटला की त्याला सगळं इस्त्री केलेलं हवं. परवा स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून त्यानं पहिलं वाक्य वाचून दाखवलं. 'चू नदीच्या खोऱ्यातली ही बाप्टिस्ट मंडळी काही निष्ठावंत विश्वासणाऱ्यांच्या प्रार्थनेतून उभी राहिली.'

"कसं वाटतं, सेल्माताई?"

"खोटं वाटतं," मी म्हणाले.

आमच्या लोकांत ही एक अडचण आहे. विचारलं की खरं ते सांगावं लागतं. रश्शात मीठ जास्त झालंय का, नवा रुमाल डोक्याला शोभतो का, असलं आमच्या बायका एकमेकींना विचारतच नाहीत. उगाच रविवार कशाला नासवायचा?

"मग कशातून उभी राहिली?" रोमाननं विचारलं.

"एका थापेतून. आणि तीसुद्धा आमची नव्हे, शेजाऱ्याची."

त्यानं लेखणी खाली ठेवली. मग मी त्याला सगळं सांगितलं. ते त्यानं लिहून घेतलं नाही, म्हणून आता मीच लिहिते आहे.

आम्ही जर्मन. पूर्वज व्होल्गाच्या काठी शेती करायचे. लढाई सुरू झाली तेव्हा सरकारनं सगळ्यांना मालगाडीत कोंबून सैबेरियात नेऊन टाकलं. मी तेव्हा आईच्या दुपट्यात होते. पुढे बंदी उठली आणि उबेच्या ओढीनं आमची काही घरं इकडे, किरगीझांच्या मुलखात, आली. या गावात पहिल्यांदा आमच्यासाठी फाटक उघडलं ते ओमुराली-आकेनं; 'आके' म्हणजे इथल्या बोलीत थोरला भाऊ. तो सामुदायिक शेतीवरची मेंढरं राखायचा. लढाईत त्याच्या एका पायाचा गुडघा गेला होता, त्यामुळे तो चालताना सारखा कोणाला तरी सलाम करतोय असं वाटायचं. त्याच्या बायकोचं अडलेलं बाळंतपण आमच्या लीझेमावशीनं सोडवलं आणि तेव्हापासून तो आमचा झाला. अंगणात त्याची लोकर ठेवायची एक लांबट मातीची खोली होती. ती त्यानं रिकामी करून दिली. "तुमच्या देवाला लोकरीचा वास चालत असेल तर बसा इथे," म्हणाला.

आम्ही बसलो. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये एक स्टूल. खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही इतक्या हळू गायचो की शेजारणीला गाणं कमी आणि श्वास जास्त ऐकू जायचा. परवानगीशिवाय प्रार्थनेला जमणं हा गुन्हा होता आणि परवानगी आम्हाला कोणी देणार नव्हतं. मंडळीचे वडील होते कोर्नेयभाऊ. उंच, वाळके, बोलायला कंजूष. त्यांना एकदा असंच विचारलं होतं, 'प्रार्थना घेता का?' ते 'घेतो' म्हणाले आणि कितीतरी वर्षं कैद्यांच्या छावणीत लाकडं तोडून आले. तिथे त्यांची दोन बोटं थंडीनं गेली. खोटं न बोलण्याची सवय मात्र जागची हलली नाही.

मी अठरा वर्षांची असेन. वसंतातला रविवार होता. जिल्ह्याहून तपासनीस आला. जाडजूड, लाल मानेचा, बुटांना चिखल लागला म्हणून वैतागलेला. प्रार्थना नुकतीच संपली होती. खोलीच्या दारातून मला अंगणातलं सगळं दिसत होतं.

"एवढी माणसं कशाला जमलीत रे?" त्यानं फाटकातच ओमुराली-आकेला विचारलं.

"जेवायला," आके म्हणाला. डोळ्याची पापणी हलली नाही.

"कसलं जेवण?"

"कसलं म्हणजे? रविवारचं. माझ्या घरी दर रविवारी जो येईल त्याला जेवायला घालतो. बापजाद्यांपासूनची रीत आहे."

बापजाद्यांपासूनची! त्याचे बापजादे आयुष्यभर तंबू पाठीवर घेऊन डोंगरात हिंडत होते. रविवार कशाशी खातात हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तपासनीस आत आला. रांगेनं बसलेली, धुतलेले कपडे घातलेली, तोंडं पांढरी पडलेली माणसं त्यानं पाहिली. ना ताट, ना वाटी, ना धूर. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

"मग जेवण कुठाय?"

"तुम्ही शहरातली माणसं आधी खाता, मग बोलता," आके म्हणाला. "आम्ही आधी बसतो. मेंढा तो बघा, कुंपणाशी उभा आहे. त्यालाही अजून कळवलेलं नाही."

तपासनिसाला हसू आलं. पण तो मूर्ख नव्हता. थापा मारणाऱ्याला सोडून तो सरळ कोर्नेयभाऊंकडे वळला. यांची कीर्ती त्याच्या कानावर होती.

"म्हातारबुवा, तुम्ही सांगा. हा म्हणतोय ते खरं आहे का?"

आता बघा. 'खरं' म्हणावं तर ती थाप. 'खोटं' म्हणावं तर कोर्नेयभाऊ परत छावणीत, आणि त्यांच्याबरोबर ओमुराली-आके, ज्याचा आमच्या प्रार्थनेशी काडीचा संबंध नव्हता. तान्हं पोर कडेवर घेऊन त्याची बायको दारात उभी होती. माझ्या शेजारी लीझेमावशी पुटपुटत होती, देवा, आज एकदा, फक्त एकदा या माणसाला खोटं बोलू दे. खरं सांगते, मीही तेच मागत होते.

कोर्नेयभाऊ उठले. त्यांनी कोट काढून स्टुलावर ठेवला आणि बाह्या वर सारल्या.

"साहेब," ते म्हणाले, "ओमुराली-आकेचा शब्द खोटा पडणार नाही. बसा. जेवूनच जा."

आणि ते मेंढ्याकडे चालू लागले.

त्यानंतर जी धांदल उडाली ती आठवली की मला अजून हसू येतं. मेंढा कापला गेला. आकेच्या बायकोनं मोठी लोखंडी कढई बाहेर काढली. लीझेमावशीनं पाठीवर धपाटे घालत आम्हा पोरींना पीठ मळायला बसवलं. मटणाचा रस्सा किरगीझ, त्यातल्या हातानं कापलेल्या जाड शेवया जर्मन. फाटकाशी वास गेला तशी गल्लीतली माणसंही आली. जो आला तो जेवला. तपासनिसानं दोनदा घेतलं, व्होडका नाही म्हणून तोंड वाकडं केलं आणि जाताना म्हणाला, "बरं का, पुढच्या रविवारी येऊन बघतो मी."

तो गेल्यावर ओमुराली-आके भिंतीला टेकून घाम पुसत बसला. कोर्नेयभाऊ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"आके, पुढच्या रविवारी मेंढा आमचा."

"अहो, सोडा ते. थाप होती, लागू पडली, झालं. देवाला काय सांगायचं ते माझं मी बघेन."

"तुम्ही दर रविवारी म्हणालात."

"तोंडाला येईल ते म्हणालो मी!"

"आणि 'जो येईल त्याला' म्हणालात. ते खोटं पडणार नाही असं मी सांगून बसलोय. आता ते खरं केल्यावाचून मला सुटका नाही."

आकेनं पुन्हा घाम पुसला. "कोर्नेय," तो म्हणाला, "तुमच्यापेक्षा तो तपासनीस परवडला."

पण पुढच्या रविवारी चूल त्यानंच पेटवली.

तर हा आमचा इतिहास. तपासनीस पुढच्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही आला. आधी तो आम्हाला पकडायला यायचा, मग शेवयांसाठी येऊ लागला आणि शेवटी त्याची बदली झाली तेव्हा लीझेमावशीला निरोप द्यायला आला. बाकीची माणसंही येतच राहिली. विधवा यायच्या, डोंगरावरून उतरलेले मेंढपाळ यायचे, घरातून हाकललेले दारुडे यायचे. कोणाला धर्म विचारला नाही. त्या कढईत डुकराचं मांस कधी पडलं नाही, कारण कढई आकेची होती. जेवताना उपदेश करायलाही कोर्नेयभाऊंची बंदी होती. "तोंडात घास असलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही. त्याला देव शिकवणं हा पळपुटेपणा आहे," असं त्यांचं म्हणणं.

एका हिवाळ्यात एवढं बर्फ पडलं की रविवारी एकही माणूस आला नाही. आमचे तरुण म्हणाले, शब्द 'जो येईल त्याला' असा आहे, कोणी आलंच नाही, आपला दोष नाही. कोर्नेयभाऊ तेव्हा काठी टेकत चालायचे. त्यांनी काठी ठेवली आणि फावडं उचललं. "यायला वाट ठेवलीत का?" एवढंच म्हणाले. सगळ्यांना लाजेनं उठावं लागलं. हमरस्त्यापर्यंतचं बर्फ आम्ही काढलं आणि रस्त्यावर अडकलेल्या ट्रकचा एक ड्रायव्हर अक्षरशः ओढत आणून त्याला जेवायला घातलं. बिचारा घाबरला होता. तेव्हापासून हिवाळ्यात आमच्याकडे आधी वाट मोकळी करतात, मग प्रार्थना.

पुढे ते सरकार बुडालं, परवानग्या मिळाल्या. मरताना ओमुराली-आकेनं ती खोली मंडळीच्या नावावर करून दिली आणि त्याच्या अंगणात नि आमच्या आवारात कमरेएवढी मातीची भिंत आली. कढई आमच्या बाजूला राहिली. ती वर्षं कठीण होती. मास्तरांना पगार नव्हते, पिठाला रांगा होत्या. तेव्हा आकेची नात जिपार भिंतीवरून उडी मारून यायची आणि शेवया कापायला बसायची. बडबडी पोर. मीठ घालायचं काम मात्र आम्ही तिला कधी दिलं नाही, कारण बोलण्याच्या नादात ती दोनदा घालायची. आज ती गावच्या शाळेत भूगोल शिकवते. जगातले सगळे समुद्र तिला पाठ आहेत, मिठाचा हात तसाच आहे.

आणि आमची माणसं गेली. जर्मनीनं दार उघडलं तशी घरंच्या घरं रिकामी झाली. माझे दोन्ही मुलगे गेले. मला फोन करतात, "आई, इथे ये, इथे सगळं आहे." असेल. तिथे रविवारी माझ्या दारात कोण येणार आहे? मी राहिले. लीझेमावशीनंतर रस्सा वाढायचा डाव माझ्या हातात आला होता, तो टाकून जायचं मला जमलं नाही.

आता आम्ही इनमिन मूठभर म्हातारी उरलो. गुडघे गेलेले, डोळ्यांत पडदे आलेले. गेल्या हिवाळ्यात गरम कढई उतरवताना माझा हात भाजला, तो अजून नीट मिटत नाही. हे सगळं रोमाननं पाहिलं होतं. म्हणून या शरदात, सुगीच्या सणाला वेदीपुढे मांडलेले भोपळे नि बटाटे वाटून झाल्यावर, त्यानं मंडळीपुढे विषय काढला.

"रविवारचं जेवण आपण थांबवावं असं मला वाटतं. शब्द साठ वर्षं पाळला. देव हिशेब ठेवत नाही. एखाद्या दिवशी सेल्माताई त्या चुलीत पडतील."

"पडले तर पडले," मी म्हणाले.

"पण मला चालणार नाही ना," तो हळू आवाजात म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. राग काढायला सोपं जावं असं काही या पोरात नाही.

आमच्यात पाळकाचं एकट्याचं चालत नाही. मंडळी हात वर करून ठरवते, आणि ठरलं की ते सगळ्यांना बांधील. थांबवावं म्हणून हात वर झाले. खाली बघत, पण झाले. थांबवू नये म्हणून माझा एकटीचा, आणि तोही भाजलेला.

घरी जाऊन मी रडले. कोर्नेयभाऊ गेले, लीझेमावशी गेली, ओमुराली-आके गेला. त्या तिघांचा शब्द माझ्या हाती होता आणि तो माझ्या हातून खोटा पडणार होता. मंडळीचं ऐकावं तर शब्द मोडतो, शब्द पाळावा तर मंडळी मोडते. आठवडाभर मला घास गोड लागला नाही. रात्रंदिवस एकच डोळ्यांपुढे यायचं. कोणीतरी फाटकात उभं आहे आणि मी त्याला 'आज काही नाही' म्हणते आहे.

रविवारी मी रुमाल बांधून गेले. आवारात धूर नव्हता. कढई उलटी करून ठेवलेली असायची, तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून मी मान खाली घालून आत गेले. रोमाननं चांगला उपदेश केला म्हणतात. मला एक शब्द आठवत नाही. शेवटच्या प्रार्थनेला आम्ही गुडघ्यांवर होतो तेव्हा फाटक वाजलं. मला ते हाडांत ऐकू आलं.

बाहेर मामित होता. कोळशाच्या गाड्या हाकायचा, आता नजर गेली आहे. सोबत गल्लीच्या टोकाची विधवा आणि तिची लेक, आणि पाठीवर पिशवी टाकलेला कोणी परका मजूर. मामितला कोणी कळवलं नसावं, किंवा कळवूनही त्याचे पाय सवयीनं आले असावेत.

"सेल्माताई, तुम्ही सांगा त्यांना," रोमान म्हणाला. त्याला किरगीझ धड येत नाही.

मी पायरीवर उभी राहिले. मामितनं माझ्या पावलांचा आवाज ओळखला आणि हसून तोंड वर केलं.

"मामित," मी म्हणाले, "आज..."

"आज उशीर दिसतोय," तो म्हणाला. "असू दे की. आम्ही बसतो."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आरोळी आली.

"सेल्मा-आपा! माणसं तिथे कशाला ताटकळत ठेवलीत? इकडे पाठवा."

जिपार होती. बाह्या कोपरापर्यंत वर, गालाला पीठ. तिच्यामागे धूर होता. मला इतका वेळ तो दिसलाच नव्हता, कारण मी मान खाली घालून आले होते. आणि आमच्या चुलीवर कढई नव्हती. ती भिंतीपलीकडे, जिथे पहिल्यांदा चढली होती त्याच जागी, चढलेली होती.

"कढई कोणाला विचारून नेलीस?" मी ओरडले. आनंद झाला की मला आधी भांडायलाच सुचतं.

"आमचीच आहे. विचारायचं कोणाला?"

"जिपार, आमचं ठरलंय. मंडळीनं हात वर केलेत. जेवण बंद."

"तुमचे हात तुमच्या चुलीसाठी वर झाले." ती भिंतीवर कोपरं टेकून उभी राहिली. शाळेत पोरांना दटावते तोच आवाज. "मला सांगा आपा, शब्द कोणी दिला होता?"

"कोर्नेयभाऊंनी..."

"आपा."

मी त्या कढईकडे बघितलं.

"माझ्या आजोबांनी दिला होता. तुमच्यासाठी खोटं बोलले ते, पण शब्द त्यांचा. तुम्ही तो नेलात, साठ वर्षं खरा करत बसलात, आम्हाला हात लावू दिला नाहीत. मीठसुद्धा घालू दिलं नाहीत. पुरे आता. परत द्या तो."

माझ्या मागे रोमान उभा होता. त्याला शब्द कळले नसतील, पण काय चाललंय ते कळलं असावं. त्यानं पुढे होऊन मामितचा हात धरला आणि भिंत जिथे ढासळली होती त्या वाटेनं त्याला पलीकडे घेऊन गेला. आमची म्हातारी मंडळी एकेक करून मागून निघाली. ठराव झाला तेव्हा कोणी माझ्याकडे बघितलं नव्हतं, आता जाता जाता सगळ्यांनी माझ्या खांद्याला हात लावला.

मी सवयीनं डाव शोधू लागले. जिपारनं तो माझ्या हाताला लागू दिला नाही.

"तुम्हीही आलात ना?"

"आले. मग?"

"मग बसा."

मला त्या जेवणाला बसायची सवय नव्हती. इतकी वर्षं मी नेहमी शेवटी, कढईशी उभ्यानं, उरलेलं खाल्लं होतं. तिनं मला सतरंजीवर मामितच्या शेजारी बसवलं, पाठीला उशी दिली आणि पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं. रस्सा, वर कांदा, आणि शेवया, बोटभर जाड, एकही सारखी नाही. लीझेमावशीनं बघितल्या असत्या तर पाठ सोलली असती. मी डोळे मिटून आभार मानले. कोणाचे आधी मानावे ते कळेना, म्हणून सगळ्यांचे मानले. पहिला घास घेतला तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

जिपार डाव हातात घेऊन समोर उभी. सगळे समुद्र पाठ असलेली बाई, पण तोंडावर परीक्षेला बसलेल्या पोरीची कळा.

"कसं झालंय, आपा?"

आता विचारलं होतं.

"मीठ जास्त झालंय," मी म्हणाले आणि ताट पुन्हा पुढे केलं.